खालचा ठेका

बैठकीतून वर येता येता सुकलालचा उजवा गुडघा मध्येच थांबला. दुखला नाही, कडकडला नाही, नुसता थांबला. रस्त्याने जाताना ओळखीचं कुणी दिसलं की माणूस थांबतो तसा. खांद्यावर धनश्री होती, दोन वर्षांची नात. तिचे पाय त्याच्या छातीवर लोंबत होते आणि मुठीत त्याचे उरलेसुरले केस होते. धड वर नाही, धड खाली नाही, असा तो क्षणभर राहिला, आणि मग गच्चीची फरशीच वर आल्यासारखी त्याच्या बुडाला लागली. धनश्री खिदळली. तिला वाटलं, आज घोड्याने नवा खेळ काढला. "घोडो बेठो!" शेजारच्या पोरांकडून उचललेल्या गुजरातीत ती ओरडली आणि तिने टाचांनी त्याच्या छातीला ढोसलं. ऊठ.

सुकलालने आधी जिन्याच्या दाराकडे पाहिलं. दार अर्धवट लोटलेलं, मागे काळोख, कुणी दिसलं नाही. मग त्याने पोरीला डोक्यावरून उतरवून समोर ठेवलं आणि तिच्या तोंडाकडे पाहत राहिला, आता काय घडलं ते तिथे दिसेल म्हणून. तिथे शेंबडाची एक वाळलेली रेघ होती आणि हसू होतं. खाली तळमजल्यावर मागांचं खातं, म्हणजे छोटा कारखाना, चालू होतं. बमरोलीतल्या या गल्लीत घरं अशीच, खाली माग आणि वर माणसं, आणि मागांची थरथर भिंतीतून वर चढत चढत पाण्याच्या माठापर्यंत, भांड्यांच्या फळीपर्यंत, झोपलेल्या माणसाच्या दाढांपर्यंत जायची. नव्याने राहायला आलेल्यांना पहिले काही दिवस झोप लागत नसे. नंतर दिवाळीच्या सुट्टीत माग बंद पडले की झोप लागत नसे. सुकलालला ती थरथर तळपायांतून कळायची. मघाशी थांबलेल्या गुडघ्याच्या खाली, पोटरीत, टाचेत ती आताही चालू होती. सगळं चालू होतं. त्याचा एक सांधा तेवढा थांबला होता.

बैठका त्याने कधी मोजल्या नाहीत. गावी, बोरी नदीच्या काठच्या तालमीत, मोजायचं काम वस्तादाचं होतं. वस्ताद कोपऱ्यात बसून आकडे म्हणायचा आणि मनात आलं की मध्येच मागे जायचा, पोरांची जिरवायला. तिथली लाल माती, तिच्यात मुरलेलं ताक आणि तेल, घामाने ओला झालेला लंगोट, कुस्तीत हरल्यावर तोंडात राहिलेली ती मातीची गोडसर चव, हे सगळं घेऊन सुकलाल सुरतेला आला तेव्हा त्याच्याकडे सामान म्हणून एक पत्र्याची पेटी होती आणि अंग होतं. पेटी कधीच गंजून गेली. अंग टिकलं. बारा बारा तास मागापुढे उभं राहून बरोबरीच्या माणसांचे पाय सुजले, शिरा निळ्या पडून गाठाळल्या, कुणी दारूला लागला, कुणी गावी जाऊन बसला. सुकलाल रोज पाळीवर जायच्या आधी गच्चीवर चढायचा. मोजायला वस्ताद नव्हता म्हणून त्याने ते काम खालच्या मागांवर सोपवलं. जिन्याच्या बरोबर खाली जो माग होता त्याचा धोटा फेकणारा दांडा जरा सैल होता, त्यामुळे सगळ्या गलक्यात त्याचा एकट्याचा ठोका वेगळा ओळखू यायचा. चार ठोक्यांत खाली, चार ठोक्यांत वर. घाम भुवयांवरून डोळ्यांत उतरला की थांबायचं. इतकाच हिशेब. मग ठोका तो ऐकेनासाही झाला. ठोकाच त्याला खाली नेऊन वर आणायचा, आणि मन कुठेही जाऊन यायचं, गावच्या मारुतीपाशी, मेलेल्या आईपाशी. मुलगा योगराज लहान होता तेव्हा तोही असाच खांद्यावर बसायचा. आता योगराज कतारगामला हिरे घासायच्या चाकावर, घंटीवर बसतो, दिवसभर वाकून, आणि तिशी यायच्या आत मानेला पट्टा लावून फिरतो.

त्या दिवशी दुसऱ्या शेठच्या खात्यात पाळीवर गेल्यावरही त्याचं लक्ष मागाकडे नव्हतं. तुटलेलं सूत जोडताना तो गुडघ्याकडे कान लावून होता. दिवाळीला गावी जाऊन परतल्यापासून काहीतरी बिनसलं होतं, हे त्याला ठाऊक होतं. आजवर त्याने त्याला नाव दिलं नव्हतं एवढंच. आल्या आल्या पहिल्याच सकाळी दम लागला. त्याला वाटलं, गावची बाजरी आणि तूप, आयतं बसणं, अंग सुस्तावलं. दुसऱ्या आठवड्यात घाम लवकर यायला लागला, ठोका पुढे आणि आपण मागे असं व्हायला लागलं, तेव्हा तो स्वतःवर चिडला. मागे पडलेल्या पोराला वस्ताद काय करायचा? दुप्पट करायला लावायचा. म्हणून त्यानेही वाढवलं. जितका मागे पडे तितका जोर लावी. मांड्या थरथरल्या की ओठ आवळी. म्हातारपण हा शब्द त्याने ऐकलेला होता, पण ते हळूहळू येतं, केस पिकतात, दात हलतात, तसं येतं, अशी त्याची समजूत होती. सुट्टी संपवून गाडीतून उतरावं आणि ते आपल्या आधी घरात येऊन बसलेलं असावं, असं कुणी सांगितलं नव्हतं. त्याला मेलेल्या बापाची आठवण आली. बाप एका उन्हाळ्यात विहिरीवर मोट सोडून खाली बसला आणि म्हणाला, आता नाही. कुणी कारण विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. त्या दिवसापासून तो ओट्यावर बसलेलाच सुकलालला आठवतो. बापाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तो ओटा आज पहिल्यांदा सुकलालला स्वतःच्या बुडाखाली जाणवला.

दुसऱ्या सकाळी सुनेने नेहमीसारखी धाडलेली धनश्री जिन्यापाशी दोन्ही हात वर करून उभी. "घोडो."

"आते नही," सुकलाल म्हणाला. अहिराणीत ‘आता नाही’ एवढाच नकार त्याला पुरायचा.

"घोडो!"

"सांगं ना, आते नही." आणि तो तिला ओलांडून गच्चीवर गेला. गच्चीवर जाऊन काही केलं नाही. कठड्याला टेकून उभा राहिला. मागून पोरीचं रडणं जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्याचं ऐकू आलं. पोरीला एकदा पाडलं असतं तर? खांद्यावरून मागे गेली असती तर खाली फरशी होती, आणि कठडा फार दूर नव्हता. हा विचार त्याने इतका स्पष्ट पाहिला की तो कठड्यापासून मागे सरला. या खांद्यांवर आता तिला घ्यायचं नाही. आणि घ्यायचं नाही तर तिला काय सांगायचं, सुनेला काय सांगायचं? खाली त्याच्या बायकोने, भागीरथीने, टोमणा मारलाच. "पोरवर रुसनात का काय? दोन वरीसनी पोरगी, अन् तिना संगे रुसवा!" योगराज मानेचा पट्टा बांधता बांधता म्हणाला, "बापू, आता छोडो ना हे पहेलवानी. आरामसे टीव्ही देखा." पोरगा प्रेमाने बोलला, हे सुकलालला कळलं, आणि प्रेमाने बोलला हेच जास्त लागलं. टीव्हीसमोरची खुर्चीही ओटाच होती.

सून, रंजना, काही बोलली नाही. ती एरवीही त्याच्याशी बोलत नसे. डोक्यावरचा पदर कधी ढळू द्यायची नाही, त्याच्यासमोर खाटेवर बसायची नाही, आणि सांगायचं असेल ते पोरीच्या तोंडून सांगायची. पोरगी झाली नव्हती तोवर सासूच्या तोंडून. "धना, बापूले सांग, चहा व्हयना." "धना, बापूले इचार, डबाम्हा लोणचं देऊ का?" पोरीला बोलता येत नव्हतं तेव्हाही ती हेच करायची; पाळण्यातल्या पोरीला निरोप द्यायची आणि सुकलाल पाळण्याकडे पाहून उत्तर द्यायचा. त्या सगळ्या घराचं बोलणं असं पाळण्यावरून जायचं-यायचं. आता त्याने पोरीलाच दूर केल्यावर मधला पूलच गेला. दोन दिवस घरात त्याला कुणी काही विचारलं नाही. डब्यात लोणचं होतं, चहा वेळेवर होता, पण तो जमिनीवर ठेवल्याचा आवाज तेवढा यायचा. सुनेला वाटलं असेल, म्हाताऱ्याला पोरगी नकोशी झाली. असं वाटू द्यावं की गुडघ्याचं सांगून टाकावं, यांतलं कमी वाईट कुठलं, हे ठरवता ठरवता त्याचे दोन दिवस गेले. चौऱ्याण्णव साली, प्लेगच्या वर्षी, सगळी सुरत पळत होती तेव्हा उधना स्टेशनात याच पायांनी त्याने भागीरथीला उचलून डब्याच्या खिडकीतून आत घातलं होतं. मागून पोटुशा बायकांना वाट करून दिली होती. तेव्हा पायांना त्याने विचारलंही नव्हतं, चालेल का.

मग गल्लीला आठवड्यातून एकदा वीज नसायची तो दिवस आला; सगळी खाती बंद. इतकी शांतता की कबुतरांचे पाय पत्र्यावर वाजलेले कळावेत. सुकलाल खाली जिन्याच्या तोंडाशी बसला होता. खात्यात लोटू, खालच्या मागांवरचा कामगार, त्याच्याच तालुक्यातला, जिन्याखालच्या मागाला ग्रीस लावत होता. सुकलालला गप्प बसवेना. तो म्हणाला, या मशीनला आता वय झालं असेल, नाही का?

"वय?" लोटू हसला. "हाई ते जवान व्हयनं ना बापू! तुम्हीन दिवाळीले गावले गया व्हतात ना, तवय सेठनी मोटरनी पुली बदलाडी. मोठी पुली बसाडी. आते देखा कशी पळस."

सुकलालने मान पुढे करून मोटरवरच्या पट्ट्याच्या चाकाकडे पाहिलं.

"काय, तुम्हले मालूम नही?" लोटूने ग्रीसचा हात कपाळाला पुसला आणि त्याला हसण्याच्या उकळ्या फुटायला लागल्या. "आख्खी जिंदगी मागवर गयी, डोकावर केस ऱ्हायनात नही, अन् पुली बदलनी ते कानले समजनं नही! अरे बापू, तुमना कान इकी टाका आते!"

सुकलाल हसायला लागला. आधी तोंडातल्या तोंडात, मग पोट धरून, डोळ्यांत पाणी येईतो. लोटूला वाटलं आपला विनोद फार चांगला झाला. सुकलालला मात्र डोळ्यांसमोर गच्ची दिसत होती आणि तिच्यावर एक म्हातारा, दुसऱ्याच्या मोटरच्या मागे धावत, ओठ आवळून, मांड्या थरथरवत, दर सकाळी दुप्पट. शेठने कापड जास्त निघावं म्हणून पुली बदलली होती आणि सुकलालने बैठका त्या हिशेबाने काढल्या होत्या. खाली धोटा पळवला की वर तो पळत होता. दिवसभर मागापुढे उभं राहून पुरलं नाही म्हणून सकाळीही तो मागाचाच चाकर होता. आपल्या खात्यातली मशीन जरा वेगळी वाजली तर तो झोपेतून उठला असता, पण ही घरातली होती, तिच्याकडे लक्ष द्यायचं असतं हेच तो विसरला होता. आणि वेग जाणवला तेव्हा शंका घ्यायला त्याला स्वतःचं अंगच सापडलं. बिचारं अंग. त्याने मांडीवर हात ठेवला, बैलाच्या वशिंडावर ठेवतात तसा.

पुढच्या सकाळी तो जवळजवळ धावतच गच्चीवर गेला. माग सुरू झाले होते. त्याने ठोका ऐकला आणि मुद्दाम सोडून दिला. श्वास घेतला, खाली गेला, श्वास सोडला, वर आला. दम लागला नाही. छाती मोकळी राहिली. आणखी एकदा. आणि मग, वर येताना, त्याच जागी, उजवा गुडघा थांबला.

या वेळी तो कठड्याला धरून होता, पडला नाही. पण थांबला. म्हणजे पुलीही खरी होती आणि हेही खरं होतं. कालच्या हसण्यात त्याने हे दुसरं खोटं करून टाकलं होतं. खाली पांडेसऱ्याच्या बाजूला गिरण्यांचा धूर सरळ वर जात होता, वारा नव्हता. तो तसाच अर्ध्यात उभा राहिला, आणि या वेळी त्याने गुडघ्यावर जोर केला नाही. त्याला विचारल्यासारखं केलं. थोडं खाली, मग थोडं वर. इथवर जमतंय. याच्या पलीकडे नको. बोरीला पूर आला की ज्या दगडापर्यंत पाणी आलं आहे त्याच्या अलीकडेच पाय थांबवायचा, तसं. इतक्या वर्षांत अंगाला त्याने हुकूम दिले होते, अंगाचं ऐकणं पहिल्यांदाच चाललं होतं, आणि त्याला वाटलं होतं तसं ते अपमानाचं नव्हतं. उन्हातून घरी येऊन कुणी पाणी मागावं इतकंच ते होतं. घोटभर पाणी. त्याला बाप दिसला, ओट्यावर. बापाला ‘आता नाही’ एवढंच सांगता आलं होतं. ‘इथवर’ असं म्हणायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

तो खाली आला तेव्हा रंजना पोरीला तेल लावत होती, पाय पसरून, पोर पोटऱ्यांवर पालथी. सासरा दिसताच तिने पदर पुढे ओढला आणि पाय आखडायला लागली. "राहू दे, राहू दे," सुकलाल म्हणाला आणि दाराच्या चौकटीकडे तोंड करून उभा राहिला. भागीरथी नळावर गेली होती, योगराज निघून गेला होता. सांगायचं तर आत्ताच. त्याने चौकटीलाच सांगितलं. त्या दिवशी बैठका काढता काढता पाय गेला. पोर खांद्यावर होती. आता तिला खांद्यावर घेणार नाही, पाडीन म्हणून. तिच्यावर राग नाही. सांगून झाल्यावर त्याला वाटलं, पाच-पंचवीस मैल चालून आलो.

मागे तेलाचा हात फिरायचा थांबला.

"बापू, मी देखं व्हतं," रंजना म्हणाली.

पोरीला मध्ये न घालता ती पहिल्यांदा बोलली होती. सुकलाल चौकटीवरच्या खिळ्याकडे पाहत राहिला.

"जिनाना दारमांगे व्हती मी. कपडा वाळत घालाले येत व्हती."

"मंग दुसरा दिन पोरले मनाकडे कसाले धाडी?"

"तुम्हीन खाले बठी ग्यात," ती म्हणाली, सावकाश, जे पाहिलं ते पुन्हा पाहून, "पन हात वरच व्हतात. धनाले दोन्ही हातम्हा धरेल व्हतं. तुम्हीन पडनात बापू. पोर नही पडनी."

त्याला हे आठवत नव्हतं. त्याला फरशी आठवत होती, गुडघा आठवत होता, दार आठवत होतं, आणि हात कुठे होते ते अजिबात आठवत नव्हतं. पाय गेले तेव्हा हातांनी त्याला न विचारता आपलं काम केलं होतं, आणि हे पाहायला या घरात एकच माणूस होतं, जे त्याच्याकडे कधी मान वर करून पाहतही नव्हतं. त्याला एकदम खूप काही म्हणायचं होतं. तो म्हणाला, "चहा व्हयना का?"

"धना, बापूले सांग, व्हयना," रंजना म्हणाली, आणि तिच्या आवाजात हसू होतं.

त्या दिवसापासून तो कठडा धरून अर्ध्या बैठका काढू लागला. जोर जमिनीवरचे सोडून भिंतीवर काढू लागला. संध्याकाळी पाळीवरून येताना रिक्षाच्या रस्त्याने न येता कालव्याच्या कडेने चालत यायचा, धुराला पाठ करून. धनश्रीला खांद्यावर नाही, पण बोट धरून जिना चढवायचा. दर पायरीवर तिला काहीतरी सापडायचं, मुंगी, सुताचा धागा, आणि ते पाहायला थांबताना त्याच्या गुडघ्यालाही दम मिळायचा. घोडा कुठे गेला, तिने दोन-तीनदा विचारलं. घोडा आता चरायला गेला, त्याने सांगितलं. ते तिला पटलं. सकाळी अंगात घाम कमी यायचा आणि गार वारा जास्त लागायचा. इतकी वर्षं या वेळेला इथे वारा येतो हे त्याला माहीत नव्हतं.

एके सकाळी जिन्याच्या दारापाशी बांगड्या वाजल्या. दार उघडलं, पण कुणी आलं नाही. मग पोरगी पुढे ढकलली गेली.

"धना, बापूले इचार," दारामागून आवाज आला, "तुनी मायनी कंबर दुखस. धना व्हयनी तवयपाईन दुखस. तिले काही शिकाडतीन का?"

धनश्रीने काही विचारलं नाही; तिला बिस्किट हवं होतं. सुकलाल कठड्यापाशी उभा होता, अर्धा वाकलेला. सून सासऱ्यापुढे हातपाय हलवणार, आणि सासरा पाहणार, असं त्यांच्याकडे कुणी ऐकलं नव्हतं. गल्लीत कळलं तर शेजारच्या धुरपदाबाईला बोलायला वर्षभर पुरेल. त्याने क्षणभर गिरण्यांकडे पाहिलं आणि मग त्याला सुचलं. तो पूर्ण वळला, कठड्याकडे तोंड आणि जिन्याकडे पाठ करून उभा राहिला.

"धना, तुनी मायले सांग," तो धुराला म्हणाला, "पदर खोसी ले. मी मांगे देखस नही."

बांगड्या वाजल्या. पावलं आली, त्याच्यापासून दूर, पाण्याच्या टाकीजवळ थांबली. पोरगी दोघांच्या मध्ये उभी राहून एकदा आजोबाच्या पाठीकडे, एकदा आईच्या तोंडाकडे पाहू लागली आणि शेवटी खाली बसली.

"पहिले दम," सुकलाल म्हणाला. "पाय मंग. दम ले, अन् जितलं जमी तितलंच खाले जाय. जास्त नही." बाळंतपणातून निघालेल्या अंगाला किती झेपतं, हे त्याला माहीत नव्हतं. तालमीत ते कुणी शिकवलं नव्हतं. वस्तादाला त्याचा पत्ताही नसणार. पाहता तर येत नव्हतं. म्हणून तो ऐकू लागला. आधी तिचा श्वास खालच्या गलक्यात सापडला नाही. मग सापडला, बारीक, लाजरा, मध्येच अडखळणारा, पुन्हा लागणारा. त्याचा स्वतःचा श्वास पुढे गेला होता. सुकलालने तो आत धरून ठेवला, गुडघे जिथे होते तिथेच राहू दिले, आणि सुनेचा दम पुरा होईपर्यंत, धुराकडे पाहत, थांबून राहिला.